भाऊजी आणि ओंजळीतली पाळी

भाऊजी खोलीत आले की आधी बसत नसत. दारातच उभे राहून विचारत, "मी नव्हतो तवा काय झालं?" खाली टपरीवर चहा पिऊन वर आले, तरी हाच प्रश्न. तो काहीतरी बोलायचं म्हणून विचारलेला नसे. उत्तर मिळेपर्यंत खुर्ची ओढायची नाही असा त्यांचा नेमच होता. "काही नाही झालं, भाऊजी," असं म्हटलं की भुवया वर जायच्या. "काही नाही कसं? पंखा बंद होता, आता चालू आहे. कोणी केला?" मला सुरुवातीला वाटायचं, हा माणूस आमच्यावर पाळत ठेवतो. एका लग्नात ते मंगलाष्टकं संपल्यावर पोचले आणि त्यांनी थेट नवरदेवाच्या बापालाच विचारलं, "मी नव्हतो तवा काय झालं?" त्या गृहस्थांचा चेहरा बघून ताईंनी भाऊजींना हाताला धरून पंगतीकडे नेलं.

ताई म्हणजे त्यांची बायको. आमचं सॉफ्टवेअरचं लहानसं ऑफिस भंडाऱ्यात एका कापडाच्या दुकानावर आहे, आणि त्याचे मालक प्रशांतदादा हे ताईंचे सख्खे धाकटे भाऊ. दादांचे भाऊजी, म्हणून सगळ्या ऑफिसचे भाऊजी. त्या हिशेबानं आम्ही मुली त्यांच्या साळ्या, म्हणजे मेहुण्या, झालो आणि थट्टेचा हक्क आम्हाला आपोआप मिळाला. उमेदीचा काळ हैदराबादच्या मोठ्या कंपनीत घालवून, आई थकली म्हणून ते गावाकडे परतले होते. आमच्याकडे जावयाला पाटावर बसवतात, कामाला बसवत नाहीत. साळ्याच्या ऑफिसात जावई नोकरीला, त्यामुळं त्या खुर्चीखाली पहिल्यापासून काहीतरी डुगडुगत होतं. ताई मात्र खुशीत होत्या. रोज सकाळी एकाच पिशवीत दोन डबे भरत, एक नवऱ्याचा आणि एक भावाचा. भाऊजी ती पिशवी सायकलच्या हँडलला अडकवून आणत.

त्यांचा दुसरा प्रश्न होता तो दुसऱ्यांसाठी. कोणी सुटीवरून परत आलं की ते खुर्ची वळवून विचारत, "तुले कुठपर्यंत माहीत आहे?" आपण म्हणायचं, "त्या दवाखान्याच्या कामाचं पैसे भरण्याचं पान झालं होतं, तिथपर्यंत." मग ते बरोबर तिथून सुरू करत. आधीचं उगाळायचे नाहीत आणि मधलं गाळायचे नाहीत. मी आजारपणातून उठून आले तेव्हा त्यांनी मला मधलं सगळं ऐकवलं, त्यात टपरीवाल्याची म्हैस व्यायल्याचीही बातमी होती. मी वैतागून म्हटलं, "भाऊजी, म्हैस कशाला?" तर म्हणाले, "उद्या तो पेढा देईन, तवा कायचा म्हणून विचारशील. मंग?"

तिसरी गोष्ट त्यांच्या रागाची. शांत माणूस, पण एका गोष्टीनं पेटत. महत्त्वाची माहिती कोणी सर्व्हरच्या नुसत्या मेमरीत, जी सर्व्हर बंद झाला की पुसली जाते, तिथं ठेवली आणि डेटाबेसात लिहिली नाही, की त्यांचा आवाज चढे. "मेमरीत ठेवलं म्हणजे ओंजळीत पाणी धरलं. नाक खाजवलं का सांडलं!" आणि खरोखर दोन्ही हातांची ओंजळ करून नाक खाजवून दाखवत. आम्ही हसायचो. त्या ओंजळीत एक दिवस माझ्या बापाचं पीक असणार आहे हे मला ठाऊक नव्हतं.

माझं गाव दिघोरीकडचं. गावाला जुना तलाव आहे, आणि त्याच्या बांधातलं पाणी सोडायचं जे तोंड, त्याला आम्ही तुडूम म्हणतो. तुडुमातून पाट निघतो आणि दोन्ही अंगाच्या बांध्यांना, म्हणजे बांध घातलेल्या धानाच्या वावरांना, पाळीपाळीनं पाणी मिळतं. पाळीला गावात पारी म्हणतात. आमच्या बाबांच्या बांध्या पाटाच्या अगदी शेपटाला. तिथं पाणी उशिरा पोचतं आणि आधी आटतं. गावची रीत अशी की पाणी संस्थेचा एक लाल दांड्याचा फावडा असे. पाटाचं तोंड फोडायचं किंवा बुजवायचं ते त्याच फावड्यानं. ज्याची पाळी सरली त्यानं तो पुढच्याच्या हातात द्यायचा, जमिनीवर ठेवायचा नाही. फावडा ज्याच्या हातात, पाणी त्याचं. पाण्यावरून गावात भांडणं झाली नाहीत असं नाही, पण पाळी कोणाची, यावर झाली नाहीत.

संस्थेच्या नव्या पोरांना हे सगळं मोबाइलवर हवं होतं. तुडूम उघडं की बंद, पाळी कोणाची, हे घरबसल्या दिसावं. काम माझ्या ओळखीनं आमच्या ऑफिसात आलं आणि दादांनी ते भाऊजींना दिलं. रचना सोपी होती. प्रत्येक मोबाइल आणि आमचा सर्व्हर यांच्यात एक तार कायम उघडी असल्यासारखी जोडणी ठेवायची. तिला वेबसॉकेट म्हणतात. एकानं 'पाळी घेतली' दाबलं की तेच त्याच क्षणी सगळ्यांच्या मोबाइलवर दिसायचं. भाऊजींचं म्हणणं एवढंच होतं की तार तुटणार. आमच्याकडे ढग आला तरी तुटते. म्हणून सगळ्यांचं मिळून जे एक सत्य आहे, ते तारेच्या भरवशावर ठेवायचं नाही. आधी लिहायचं, मग सांगायचं. दादांना पोळ्याआधी उद्घाटन हवं होतं, मोठे पाहुणे ठरले होते. "आधी चालू करू, भाऊजी, मग पक्कं करू," असं ते म्हणाले. भाऊजींनी ओंजळ करून दाखवली. दादा हसले नाहीत, आणि पाळी मेमरीतच राहिली.

उद्घाटनाला भाऊजी आदल्या दिवशीच गेले आणि तुडुमापाशी बसून राहिले. एकाकडून दुसऱ्याकडे फावडा जाताना त्यांनी पाहिला. संध्याकाळी संस्थेच्या खोलीत ते अध्यक्षांना म्हणाले, "फावडा बंद नका करू. माहं यंत्र याच्याएवढं पक्कं झालं का मी सोताच सांगीन." अध्यक्षांनी मान डोलावली आणि दुसऱ्या दिवशी फावडा हार घालून भिंतीवर टांगला. पाहुण्यांनी त्याच्यासोबत फोटो काढला. भाऊजी त्या फोटोत नाहीत. ते बाहेर चिंचेखाली उभे होते आणि मी गेले तर म्हणाले, "आता सगळं माह्या ओंजळीत आलं, पोरी."

भाद्रपद अर्ध्यावर आला आणि पावसानं पाठ फिरवली. धान निसवणीला आलेलं, लोंबी बाहेर पडून दाणा भरायच्या बेताला. या वेळी पाणी चुकलं की लोंबी उभी राहते आणि दाणा पोचट निघतो. तलावात जेमतेम एका फेरीचं पाणी उरलं होतं. म्हणजे ही पाळी चुकली की पुढची नाही, आणि हे गावातल्या प्रत्येकाला कळत होतं. माणसं एकमेकांशी कमी बोलू लागली होती. बाबा रात्री जेवताना घास हातात धरून बसत. शेपटाला मोबाइलची रेंज नीट मिळते का ते बघायला भाऊजी आणि मी गावी गेलो तो नेमका बाबांच्या पाळीचा दिवस. भाऊजी संस्थेच्या खोलीत थांबले. मी बाबांसोबत बांधीवर गेले.

सकाळी सोडलेलं पाणी पाटातून सरकत सरकत दुपारी आमच्या पहिल्या बांधीत शिरलं. बाबा पुढे जाऊन धुऱ्यावरची, म्हणजे बांधावरची, बिळं बुजवत होते. मी सावलीत उभी राहून मोबाइलवर पाहिलं. 'तुडूम उघडं. पाळी: नामदेव.' बाबांचं नाव असं पडद्यावर पाहून मला उगाच बरं वाटलं. मी बघत असतानाच ते गेलं. पडदा क्षणभर पांढरा झाला आणि अक्षरं उमटली, 'तुडूम बंद. पाळी कोणाचीच नाही.' माझ्या पायाशी पाणी वाहताना ऐकू येत होतं आणि हातातला मोबाइल सांगत होता की पाणी नाहीच. मी हाक मारणार तेवढ्यात पडदा पुन्हा बदलला. 'पाळी: हरिदास.'

हरिदासकाका बाबांचे लहानपणचे सोबती. त्यांच्या बांध्या आमच्या वरच्या अंगाला, पाटाच्या तोंडाकडे. ते घरचा फावडा खांद्यावर टाकून तरातरा आले, आणि आमच्याकडे येणारं पाणी अडवायला त्यांनी पाटात माती ओढायला सुरुवात केली. बाबांनी ते वरून पाहिलं आणि चिखलातून धावत आले.

"काय करून राहिला बे?"

"माही पारी लागली. मोबाइल पाय."

"माह्या बांधीत पानी चालू आहे. डोरे फुटले का तुहे?"

"मंग तू सोडली काहून? सोडली तवाच मोकळी दिसली न!"

"मी सोडीन? या टायमाले? चोर आहेस तू, हरिदास!"

चोर हा शब्द निघाला आणि काकांचा फावडा वर गेला. बाबांचाही. दोघांच्या मध्ये हातभर पाट होता. मी ओरडले की नाही हे मला आठवत नाही. आठवतं ते बाबांच्या मनगटावरची ताणलेली शीर आणि खाली अडलेलं पाणी, जे काकांनी ओढलेल्या मातीवरून फुटून भलतीकडे, पडीत जागेत, चाललं होतं.

भाऊजी पाटाच्या कडेनं आले. चपला हातात, पँट गुडघ्यापर्यंत चिखलानं माखलेली. पडद्यावर त्यांनाही तेच दिसून ते धावत आले असणार, पण जवळ आल्यावर चालू लागले. सरळ पाटात उतरले, दोन वर उचललेल्या फावड्यांच्या मधोमध उभे राहिले आणि धापा टाकत म्हणाले, "मी नव्हतो तवा काय झालं?"

मला त्या क्षणी त्यांचा संताप आला. ही काय वेळ आहे! काकाही तडकले. "तुमच्या मोबाइललेच इचारा न!"

"त्याले काही माहीत नाही. तो भुलला. तुमी सांगा." आणि मग अगदी ऑफिसातल्यासारखं, "हरिदासभाऊ, तुमाले कुठपर्यंत माहीत आहे?"

"म्हंजे?"

"सकारपासून सांगा. तुडुमापाशी कोण होतं?"

काकांचा फावडा तसाच वर होता. "मीच होतो. माह्या खालच्या दोन बांध्या भिजल्या. पारी सरली."

"मंग?"

"मंग काय मंग! मंग..." काका थांबले. बाबांकडे न बघता म्हणाले, "मंग यालेच म्हटलं, घे बा, आता तुही."

"नामदेवभाऊ, हे खरं?"

"खरं," बाबा म्हणाले.

"त्याच्या मंग तुमी पारी सोडली?"

"मेलो असतो तरी सोडली नसती."

"म्हणजे पारी नामदेवभाऊची," भाऊजी म्हणाले. "इथपर्यंत दोघायलेबी मान्य आहे. याच्या पुढचं जे दिसलं ते खोटं. हरिदासभाऊनं चोरी नाही केली. त्यायले पारी मोकळी दिसली म्हणून त्यायनं दाबलं. मोकळी नव्हती. मी भुललो." मोबाइल भुलला असं नाही म्हणाले. स्वतःच्या छातीवर हात ठेवून, मी भुललो, असं म्हणाले.

काकांनी फावडा खाली घेतला. कोणीतरी संस्थेच्या खोलीतून लाल दांड्याचा फावडा आणला. त्यावर सुकलेल्या हाराचा दोरा तसाच होता. तो काकांच्या हातात दिला आणि काकांनी तो बाबांपुढे धरला. बाबांनी लगेच घेतला नाही. मग घेतला, आणि दोघं मिळून फुटलेला पाट बांधू लागले. तेवढ्या वेळात वाया गेलेलं पाणी काही परत आलं नाही. आमच्या शेवटच्या दोन बांध्या त्या साली पोचटच गेल्या. पण बाबा आणि काका दोघंही आज जिवंत आहेत आणि एकमेकांशी बोलतात, हे मी त्या दोन बांध्यांपेक्षा मोठं समजते.

भाऊजींनी पाटात उभ्यानंच दादांना फोन लावला. "मी नव्हतो तवा काय झालं?" दादांचा आवाज मला ऐकू आला. "काही नाही भाऊजी, सगळं बरोबर आहे. पहिल्या पानावर पाहुण्यांचा फोटो टाकला, म्हणून सर्व्हर जरा बंद करून चालू केला." भाऊजींनी फोन खिशात ठेवला आणि पाटातल्या पाण्यानं तोंड धुतलं.

पुढचे दिवस ते खुर्चीवरून फार उठले नाहीत. आता प्रत्येक पाळी आधी डेटाबेसात लिहिली जाई, तिला पुढचा क्रमांक मिळे, आणि त्यानंतरच ती सगळ्यांना दिसे. तार तुटलेला मोबाइल पुन्हा जोडला गेला की सर्व्हरनं त्याला आधी विचारायचं, तुझ्याकडे शेवटचा क्रमांक कोणता? आणि त्याच्या पुढचं सगळं क्रमानं सांगायचं. सर्व्हरला स्वतःला काही माहीत नसेल तर त्यानं 'पाळी कोणाचीच नाही' म्हणायचं नाही, 'मला माहीत नाही, थांबा' म्हणायचं. झाल्यावर भाऊजी भर कामात सर्व्हर बंद पाडत आणि पुन्हा चालू करून पडद्याकडे बघत बसत. दर वेळी पाळी होती तिथंच परत येई. मी म्हटलं, "भाऊजी, हे तर तुमचेच प्रश्न यंत्राला शिकवले तुम्ही." ते म्हणाले, "मंग? माणसाले इतकं तरी इचारावं."

दसऱ्याला गावात सभा होती. जीपमधून जाताना दादांनी सांगून ठेवलं, "नेटवर्क गेलं होतं, एवढंच म्हणायचं. कंपनीचं नाव जाते." भाऊजी खिडकीबाहेर बघत होते. सभेत दादा बोलले की त्या दिवशी नेटवर्क गेलं होतं. लोकांना ते पटलंही, कारण नेटवर्क जातंच. तेव्हा काकांनी उठून विचारलं, "मंग नेटवर्क गेलं का माह्या हातून पुन्हा असंच होईन?" भाऊजी उभे राहिले. ते काय बोलणार हे मला ठाऊक होतं.

"नेटवर्कचा कसूर नाही. आमी पारी लिहून ठेवली नव्हती. ठेवाले पायजे हे आमाले माहीत होतं. आता ठेवली आहे. तरीबी या सालभर फावडा चालू ठेवा."

त्यांनी दादांचं नाव घेतलं नाही. घ्यायची गरजही नव्हती. सभा सुटल्यावर माणसं आपट्याची पानं एकमेकांच्या हातात देऊ लागली. काकांनी बाबांना सोनं दिलं, गळाभेट घेतली. दादांनी सगळ्यांना सोनं दिलं, मलाही दिलं. भाऊजींच्या समोरून ते तसेच जीपकडे गेले. परतीच्या रस्त्यात एकच बोलणं झालं.

"घरचा माणूस म्हणून बसवलं होतं तुम्हाला," दादा म्हणाले.

"म्हणूनच बोललो," भाऊजी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी भाऊजी ऑफिसात आले नाहीत आणि पुन्हा कधीच आले नाहीत. दादांचा डबाही आला नाही. दुपारी दादांनी समोरून मागवलेली पोळीभाजी अर्धी ठेवून दिली. मी ताईंकडे अधूनमधून जात असे. भाऊबीजेला त्यांनी ओवाळायचं ताट करून दारात खुर्ची टाकली होती, पण दादा आले नाहीत. ऑफिसात भाऊजींचं नाव निघेनासं झालं. त्यांनी लिहिलेलं काम मात्र रोज चालत होतं, आणि दादांनी त्यातली एक ओळही कोणाला बदलू दिली नाही.

पुढच्या साली रोवणीच्या, म्हणजे धानाच्या लावणीच्या, दिवसांत भाऊजी गेले. घरीच छातीत कळ आली, नागपूरला नेईपर्यंत सगळं संपलं होतं. माझा फोन वाजला तेव्हा मी गावी होते. बाबा आणि हरिदासकाका चिखलाच्या पायांनी तसेच माझ्याबरोबर निघाले.

मयताच्या घरी जे चालतं तेच तिथं चाललं होतं. नवीन माणूस आला की दाराशी टेकतो आणि हळू विचारतो, कसं काय झालं? मग ताई पहिल्यापासून सांगत. सकाळी चहा घेतला, दोन घोट ठेवले, म्हणाले, जरा पडतो. आलेल्या प्रत्येकाला तेवढंच, त्याच क्रमानं, न कंटाळता. मला आधी ते सहन होईना, त्यांना कोणी गप्प बसू का देत नाही असं वाटे. मग लक्षात आलं की त्या कोणालाही अर्धवट ठेवत नव्हत्या. मी भाऊजींच्या सायकलकडे बघत बसले आणि मनसोक्त रडले.

दादा तिसऱ्या दिवशी आले. अंत्ययात्रेत ते मागे, लांबून चालले होते, घरी आले नव्हते. दारात येऊन उभे राहिले. बाबा आणि काका त्या दिवशीही आले होते; बाबांनी काकांकडे पाहिलं. दादांनी विचारायला तोंड उघडलं, पण 'कसं काय झालं' हे सख्ख्या भावानं बहिणीला विचारायचं म्हणजे काय, ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. आता ताई 'चालता हो' म्हणतील असं मला वाटलं, आणि म्हटलं असतं तर चुकलं असतं असंही वाटलं नाही.

ताईंनी डोळ्याला लावलेला पदर खाली घेतला. "बस," त्या म्हणाल्या. "तुले कुठपर्यंत माहीत आहे?"

दादा दारातच खाली बसले. म्हणाले, "दसऱ्यापर्यंत."

"आयक मंग," ताई म्हणाल्या. "दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी मी सवयीनं दोन डबे भरले. मंग ध्यानात आलं, नेईन कोण? तुहा रिकामा कराले घेतला, तर हे म्हणाले, राहू दे, येईन तो न्यायले."